स्लीपर्स, चार वेळा बघून झाल्यावर

जुनी डीव्हीडी मिळाली त्याला सहा महिने झाले, चारदा बघून झाला म्हणून आता लिहितोय. पुढे शेवटही सांगितलाय, बघायचा असेल तर इथेच थांबा.

१९९६ चा, बॅरी लेव्हिन्सनचा पिक्चर. न्यूयॉर्कच्या हेल्स किचनमधली चार पोरं, १९६७ साली मस्ती करताना हॉटडॉगची गाडी सबवेच्या जिन्यावरून सुटते, एक माणूस जबर जखमी होतो आणि पोरांची रवानगी सुधारगृहात. तिथले गार्ड त्यांचे जे हाल करतात तो भाग मी आता सरळ पुढे ढकलतो, सारखं बघवत नाही. १९८१ मध्ये त्यातल्या दोघांना, जे एव्हाना गुंड झालेत, त्या गार्डांपैकी एक (केविन बेकन) पबात जेवताना दिसतो आणि ते त्याला तिथंच गोळ्या घालतात. आता सरकारी वकील कोण, तर त्यांचाच दोस्त मायकल, म्हणजे ब्रॅड पिट. केस तो मागून घेतो, हरायला!

पहिल्यांदा सगळं लक्ष पोरं सुटतात का याच्यावरच होतं. खरी मजा दुसऱ्यांदापासून, निकाल माहीत असतो त्यामुळे नुसतं मायकलकडे बघत बसायचं. आरोपींचा वकील डस्टिन हॉफमन, पक्का दारुडा, त्याचे प्रश्नसुद्धा मायकलच लिहून पाठवतो, आणि मेलेला गार्ड किती भला होता हे सांगायला दुसऱ्या गार्डला साक्षीला उभा करतो तो उलटतपासणीत फुटावा म्हणूनच. पिटचा चेहरा हलतच नाही, आधी वाटलं काय मख्ख आहे, आता तेच आवडतं.

मग पोरांच्या वस्तीतला पाद्री फादर बॉबी, रॉबर्ट डी नीरो. शपथ घेऊन खोटं बोलतो, त्या रात्री दोघं माझ्याबरोबर निक्सच्या (न्यूयॉर्कची बास्केटबॉल टीम) मॅचला होते म्हणून, वर तिकिटांचे तुकडेही दाखवतो. पहिल्यांदा आम्ही घरात टाळ्या पिटल्या. परवा नाही वाजवाव्याशा वाटल्या. गार्ड मेल्याचं दुःख अजिबात नाही हो, पण दोन्हीकडचे डाव एकच माणूस खेळतोय तर ती ज्यूरी कशाला बसवली होती?

खटकलेलं म्हणजे मिनी ड्रायव्हर या नटीला काही कामच नाही. आणि ते सत्यकथा प्रकरण, १९९५ चं मूळ पुस्तक खरी गोष्ट म्हणून आलं, पण असा खटला झाल्याची नोंदच नाही असं मॅनहॅटनच्या सरकारी वकील कार्यालयाचं म्हणणं, आणि ते पिक्चरच्या शेवटी पडद्यावरच येतं.

सुटलेले दोघं तिशीच्या आत मरतात. मायकल वकिली सोडून इंग्लंडात खेड्यात सुतारकाम करतो, हे मात्र दोन वाक्यात उरकलंय, मला त्याच्यावर अजून अर्धा तास चालला असता.