बोटीवर मुक्काम की किनाऱ्यावर? शिडाची बोट आणि डायव्हिंग शिकवणाऱ्या उन्हाळी शिबिराचे पहिले तीन दिवस

शिडाची बोट आणि डायव्हिंग एकत्र शिकवणारी किशोरवयीन मुलांची शिबिरं साधारण दोन प्रकारची असतात. एकात मुलं दोन-तीन आठवडे बोटीवरच राहतात. दुसऱ्यात मुक्काम किनाऱ्यावर असतो आणि मुलं रोज पाण्यात उतरून संध्याकाळी परत येतात. माहितीपत्रकं वाचून त्यांतला फरक फारसा कळत नाही. पहिल्या तीन दिवसांत आपल्या मुलाच्या वाट्याला काय येणार, हे पाहून निवड करावी असं मला वाटतं.

बोटीवरचा पहिला दिवस शीड उभारण्यात जात नाही, राहायला शिकण्यात जातो. लाइफ जॅकेट कुठे आहेत, संडासाचा हातपंप कसा मारायचा, गोडं पाणी किती जपून वापरायचं, डेकवर चालताना एक हात कायम आधाराला का हवा, वारा फिरला की बूमच्या (शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्याच्या) वाटेतून डोकं कसं खाली घ्यायचं. मग दोर, ते ताणायचं चक्र म्हणजे विंच, दोन-तीन गाठी. स्वयंपाक, भांडी, सफाई यांच्या पाळ्या लागतात आणि एखाद्या दिवशी कप्तानपदही वाट्याला येतं. घरात ताट न उचलणारं मूल इथे दहा जणांची भांडी घासतं. हा बदल मला डायव्हिंगच्या सर्टिफिकेटइतकाच मोलाचा वाटतो.

पण बोट लागते. पहिले दोन-तीन दिवस बऱ्याच मुलांना मळमळतं, मग अंगवळणी पडतं. केबिनमध्ये पडून राहण्यापेक्षा डेकवर बसून क्षितिजाकडे नजर लावली की बरं वाटतं. औषध आधी घ्यावं लागतं. उलट्या सुरू झाल्यावर फारसा उपयोग नाही. त्यातल्या काही गोळ्यांनी झोप येते, आणि झोपाळलेल्या मुलाला पाण्याखाली नेणं योग्य नाही. म्हणून डायव्हिंगसाठी कोणती गोळी चालेल, हे डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारा.

किनाऱ्यावरच्या शिबिरात मूल डिंगीत, म्हणजे एक-दोघांच्या लहान उघड्या शिडाच्या बोटीत बसतं आणि बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच ती मुद्दाम उलटवली जाते. तळातून बाहेर आलेल्या सेंटरबोर्डवर (बोटीखालच्या उभ्या फळीवर) वजन टाकून ती सरळ करायची, पाणी काढायचं, पुन्हा चढायचं. एकदा हे जमलं की भीती बरीच ओसरते. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, हे डिंगीत हाताला लगेच कळतं, कारण दांडा आणि शिडाचा दोर दोन्ही त्याच्याच हातात असतात. मोठ्या बोटीवर दहा जणांत पाळी येईपर्यंत तास जातो. वारा ओळखायला शिकायचं असेल, तर मी डिंगीच्या बाजूने आहे.

डायव्हिंगची सुरुवात दोन्हीकडे सारखीच. पॅडी (PADI) या डायव्हिंगचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या ओपन वॉटर या पहिल्या सर्टिफिकेट कोर्ससाठी २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं जमावं लागतं. मग उथळ पाण्यात सराव, आणि त्यानंतर जास्तीत जास्त १८ मीटर खोलीपर्यंतचे चार डाइव्ह. १५ वर्षांखालच्यांना ज्युनिअर सर्टिफिकेट मिळतं. पहिला नियम एकच: श्वास कधीही रोखायचा नाही. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणजे तिथे फुप्फुसात भरलेली हवा श्वास रोखून वर आणली तर दुप्पट फुगू पाहते आणि फुप्फुसाला इजा करते. दाब खोलीबरोबर सारखाच वाढतो, पण हवेच्या आकारमानातला सर्वांत मोठा फरक सुरुवातीच्या काही मीटरांतच पडतो. म्हणून दोन मीटरवरच कान दुखू लागतात, आणि दुखण्याआधीच नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलायची असते. सर्दी झालेली असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही.

मुलं खरी अडतात ती मास्कमध्ये पाणी भरून ते काढताना. नाकापाशी पाणी आणि श्वास तोंडाने, हे शरीराला पटतच नाही. काहींना एका प्रयत्नात जमतं, काहींना दहा लागतात. ते दहा प्रयत्न उभं राहता येईल अशा शांत पाण्यात, मागे रांग नसताना झाले पाहिजेत. किनाऱ्यावर हे सहज होतं. नांगरलेल्या बोटीवरून करायचं तर हवामान आणि जागा दोन्ही जुळावी लागतात, शिवाय आदल्या रात्रीची झोप हलत्या केबिनमध्ये झालेली असते.

म्हणून ज्याने कधी हवेची टाकी पाठीला लावलेली नाही, त्याला पहिल्या वर्षी किनाऱ्यावर पाठवा. ज्याच्याकडे सर्टिफिकेट आहे आणि ज्याला प्रवासात मळमळत नाही, त्याला बोटीवर. घराची आठवण दोन्हीकडे येते, बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी. बोटीवर कामाच्या पाळीत मन रमतं, पण एकटं बसून रडायला कोपरा मिळत नाही. लाजाळू मुलासाठी हेही लक्षात घ्या.

पैसे भरण्याआधी वैद्यकीय फॉर्म मागवा. दमा, कानाचं ऑपरेशन, फिट येणं यांपैकी काही असेल तर डॉक्टरांची सही लागते, आणि ती मिळाली नाही तर मूल तिथे पोहोचूनही पाण्याखाली जाऊ शकत नाही. परतीचं विमानही शेवटच्या डाइव्हनंतर निदान १८ तासांनी, शक्यतो पूर्ण एक दिवस सोडूनच काढा.