संगणकाचं खोकं: दिवाळी ते जून

आमचं घर सिडकोतलं, दोन खोल्यांचं. संगणक जुना वर्कस्टेशन, म्हणजे जड कामांसाठीचा; रात्रभर व्हिडिओ रेंडर करणारा, म्हणजे संपादित व्हिडिओची अंतिम फाइल तयार करणारा. "घरात पिठाची गिरणी टाकलीस का रे?" असं आई रोज विचारायची. म्हणून आवाज कोंडायला दिवाळीच्या सुट्टीत सुताराकडून संगणकाभोवती १८ मिलिमीटर प्लायवूडचं खोकं करून घेतलं.

पहिल्या आठवड्यात हौसेने चारी बाजूंनी गच्च बंद केलं. प्रोसेसर ९२ अंशांवर गेला आणि आतले पंखे जीव तोडून ओरडायला लागले. म्हणजे पैसे घालून आवाज वाढवला! मग कागदावर हिशेब मांडला. रेंडर करताना मशीन साधारण २०० वॅट खातं आणि ती सगळी शेवटी उष्णताच होते. बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर तासाला साठेक घनमीटर हवा खेळायला हवी. १४० मिलिमीटरचे दोन पंखे लावले, सावकाश फिरणारे. छोटा पंखा भरधाव पळवला की तो शिट्टी घालतो.

हवा पुढून खालून आत, मागून वरून बाहेर. दोन्ही वाटांवर आडव्या फळ्या ठोकून दोन-दोन वळणं दिली. हवा वळून निघून जाते, आवाज वळणावर अस्तरावर आदळून बराचसा तिथेच मुरतो.

अस्तराला आधी सोफ्याचा फोम चिकटवला होता. शंका आली म्हणून एक तुकडा गच्चीवर नेऊन काडी लावली. भडकलाच, शिवाय जळते थेंब गळायला लागले. त्याच दिवशी सगळा खरवडून काढला आणि आजोबांची घोंगडी दुहेरी करून ठोकली. लोकर सहसा पेट धरत नाही. पण धागे सुटतात, त्यामुळे पंख्यांची जाळी महिन्याला झाडावी लागते.

एवढं करूनही बारीक गुणगुण येतच होती. खोक्याला कान लावत फिरलो, तर मागचं वायरींचं बोटभर भोक! तिथे चिंध्या कोंबल्या. मशीनखाली जुन्या ट्यूबच्या रबराच्या घड्या ठेवल्यावर टेबलाची थरथरही गेली.

मे महिन्यात दुपारी खोली तापायची तेव्हा प्रोसेसर ८१ पर्यंत जायचा, म्हणून जड रेंडर रात्रीच लावले. एरवी ७०-७२.

गेल्या आठवड्यात पाऊस झाला आणि खोक्यातून मेंढराचा वास सुटला. आई म्हणते, गिरणी परवडली.