प्रबंधाची सुरुवात: आधी व्याख्या की आधी पार्श्वभूमी?

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातून मराठीत लघुप्रबंध किंवा पीएच.डी.चा प्रबंध लिहिणाऱ्याला पहिल्याच पानावर दोन वाटांपैकी एक निवडावी लागते: मुख्य संज्ञेची व्याख्या देऊन थेट विषयात शिरणे, किंवा व्यापक विधानापासून टप्प्याटप्प्याने आपल्या नेमक्या प्रश्नापर्यंत उतरणे.

दुसरी वाट बाहेरच्या वाचकाला, विशेषतः हा प्रदेश न पाहिलेल्या परीक्षकाला सोयीची पडते. उदाहरणार्थ: १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत चंदगड तालुका वगळता मुंबई राज्याचा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याची राजभाषा कन्नड ठरली. त्यामुळे खानापूर तालुक्यातील मराठी शाळांपुढे कन्नड शिकवण्याचा प्रश्न आला. या रचनेत प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याचा एकेक पदर अरुंद करत जाते आणि तीन पायऱ्यांत विषय हाती येतो. मात्र अनेक प्रबंध ‘भाषा हे मानवी संवादाचे साधन आहे’ इथून सुरू होतात आणि खानापूरला पोहोचेपर्यंत चार पाने खर्ची पडतात. पहिले वाक्य जगातल्या कोणत्याही प्रबंधाला चालत असेल, तर ते खुशाल खोडावे.

व्याख्येची वाट अधिक कष्टाची आहे. वस्तू कोणत्या वर्गातली आहे आणि त्या वर्गातील इतरांहून ती कशाने वेगळी ठरते, हे दोन्ही सांगावे लागते. न्यायशास्त्राने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने, लक्षणाचे (व्याख्येचे) अव्याप्ती (हवे ते काही सुटणे), अतिव्याप्ती (नको ते आत येणे) आणि असंभव (व्याख्या त्या वस्तूला मुळीच लागू न होणे) असे तीन दोष सांगितले आहेत, आणि आजही कच्चा मसुदा तपासायला त्यांच्याइतके हाताशी येणारे दुसरे साधन मला माहीत नाही. ‘सीमाभाग म्हणजे कर्नाटकात मराठी भाषक राहतात तो प्रदेश’ असे म्हटले, तर बेंगळुरूही त्यात येते, ही अतिव्याप्ती. ‘सीमाभाग म्हणजे बेळगाव जिल्हा’ या व्याख्येत कारवार, बिदर, भालकी सुटतात आणि सौंदत्ती, बैलहोंगल यांसारखे कन्नडबहुल तालुके आत येतात, म्हणजे एकाच वाक्यात दोन दोष. महाराष्ट्र विधिमंडळाच्या डिसेंबर २०२२ च्या ठरावात महाराष्ट्राने मागितलेली ८६५ गावे हा आधार घेतला, तर व्याख्या नेमकी होते. पण ती सीमावादातील एकाच बाजूच्या दाव्यावर उभी आहे, हे त्याच वाक्यात नोंदवले पाहिजे.

‘मराठी भाषक’ ही संज्ञा तर याहून निसरडी आहे. जनगणना मातृभाषा ठरवताना लहानपणी आई ज्या भाषेत बोलत असे ती भाषा धरते. शाळेचे माध्यम धरले, तर घरी कोंकणी बोलणारे पण मराठी शाळेत शिकलेले मूलही आत येते. या दोन व्याख्यांनी एकाच वर्गातून दोन वेगळे नमुने निवडले जातील.

म्हणून ज्याची मुख्य संज्ञा वादग्रस्त आहे किंवा ज्याला क्षेत्रपाहणी करायची आहे, त्याने व्याख्येने सुरुवात करावी. फार तर तिच्याआधी दोन वाक्यांची पार्श्वभूमी असावी. एखाद्या लेखकाच्या कथांचा किंवा स्थानिक नाट्यपरंपरेचा अभ्यास असेल, तर ‘कथा’ किंवा ‘नाटक’ यांची कोशातली व्याख्या उतरवून काही साधत नाही. तिथे काळ, प्रदेश, परंपरा आणि मग ती विशिष्ट कृती हाच क्रम योग्य. पहिल्या प्रकारात व्याख्या प्रश्नावली छापण्यापूर्वीच मार्गदर्शकांना दाखवावी, कारण ती नंतर बदलली तर कोणाला प्रश्न विचारायचे हेही बदलते.