चिऱ्यांच्या घरात चुन्याचा रंग: डिसेंबर ते चवथ, मधल्या पावसाळ्यासकटचा अनुभव

घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं, जांभ्या चिऱ्यांचं, मंगळुरी कौलांचं, दीड फूट जाड भिंतींचं. डिसेंबरात आतून चुन्याचा रंग लावला तो तीन तऱ्हेच्या भिंतींवर: वसरी आणि माजघराचा जुना चुन्याचा गिलावा, मागाहून वाढवलेल्या खोलीचा सिमेंटचा गिलावा, आणि त्याच खोलीतली पुट्टी भरलेली एक भिंत. आता चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होऊन गेली आहे. निकाल आधीच सांगून टाकावा: जुन्या गिलाव्यावर उत्तम, सिमेंटवर बरा, पुट्टीवर वाया. रंग, माल आणि हात तिन्हीकडे तेच होते. फरक पडला तो भिंतीमुळे.

चुना ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंटसारखा भिंतीवर पापुद्रा धरून बसत नाही. विझवलेला चुना ओल्या भिंतीच्या छिद्रांत शिरतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि तिथेच पुन्हा चुनखडीचा दगड होतो. त्यासाठी भिंतीने पाणी ओढलं पाहिजे. ओंजळभर पाणी मारून बघा. मिनिटभरात डाग गडद होऊन पाणी मुरलं तर भिंत योग्य, ओघळ खाली आला तर चुन्याचा नाद सोडा. जुन्या डिस्टेंपरवर किंवा प्लास्टिक पेंटवर चुना मारायचा झाला तर तो रंग गिलाव्यापर्यंत खरवडावाच लागतो. अर्धवट खरवडलं तर दोन-तीन महिन्यांत पोपडे धरतात आणि दोष चुन्याला जातो. जिप्समच्या गिलाव्यावर लावूच नये.

माल घेताना एक परीक्षा करा. हार्डवेअरच्या दुकानातला पिशवीबंद चुना बरेचदा महिनोन्‌महिने पडून अर्धा मेलेला असतो. चमचाभर पावडरीवर व्हिनेगर टाका. जोरात फसफसली तर चुन्याची खडी होऊन गेली आहे आणि ती भिंतीला धरणार नाही. ताजा विझवलेला चुना जवळपास फसफसत नाही. कळीचा (न विझवलेला) चुना मिळाला तर घरी विझवणं सगळ्यांत चांगलं, पण लोखंडी पिंपात, आणि पाण्यात चुना थोडा थोडा टाकून. चुन्यावर पाणी ओतलं तर तो उसळून अंगावर येतो. पाणी उकळीपर्यंत तापतं, प्लास्टिकची बादली वितळते. विझलेला चुना गाळून, वर चार बोटं पाणी ठेवून, निदान पंधरा दिवस मुरू द्यावा. महिनाभर मुरला तर तो लोण्यासारखा होतो. वर साचणारं स्वच्छ पाणी म्हणजे चुन्याची निवळी. ती फेकू नका.

दहा बाय बाराची, बारा फूट उंचीची खोली धरा. दारं-खिडक्या वगळून भिंत साधारण ४५० चौरस फूट. पातळ केलेला चुना एका लिटरात एका हाताला ५० ते ६० चौरस फूट जातो. चार हातांना मिळून ३० ते ३५ लिटर लागतो. एक भाग मुरलेला चुना आणि दोन भाग पाणी या प्रमाणात अकरा-बारा लिटर, म्हणजे पंधरा किलोच्या आसपास चुना पुरतो. घट्टपणा साय काढलेल्या दुधाइतकाच हवा. पहिला हात मारल्यावर भिंतीवर काही दिसतच नाही, आणि रंगारी इथेच चुना घट्ट करायला बघतो. त्याला थांबवा. सुकताना तो आपोआप अपारदर्शक होतो. जाड हात वाळताना तडकतो आणि पुढे कायम हाताला पांढरी भुकटी लागत राहते.

रंगासाठी चुन्यात टिकणारीच भुकटी हवी. पिवळा, लाल, तपकिरी आणि काळा ऑक्साइड, निळ्यासाठी अल्ट्रामरीन. प्रशियन निळा चुन्याच्या क्षारात उडून जातो. तांबडा कोणता टिकेल याची शंका असेल तर देवळांच्या भिंतींवरची कावी कला बघून यावं. पांढऱ्या चुन्यावर तांबड्या कावेचा थर देऊन तो कोरून काढलेली ती चित्रं अजून उभी आहेत. भुकटीचं प्रमाण कोरड्या चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर नेऊ नये. मुरलेल्या चुन्यात साधारण निम्मं पाणी असतं, म्हणजे पंधरा किलोला सातशे ग्रॅम ही शेवटची हद्द. माजघराच्या फिकट पिवळ्याला दोनशे ग्रॅम पुरले. भुकटी आदल्या रात्री गरम पाण्यात भिजवावी, मलमलीतून गाळावी आणि सगळ्या भिंतींचा माल एकदमच कालवावा. दुसऱ्या दिवशी नव्याने कालवलेला तोच रंग वेगळा दिसतो. ओला रंग सुकल्यावर कितीतरी फिका पडतो, म्हणून नमुना भिंतीवरच मारून दोन दिवसांनी बघायचा. वजन करून प्रमाण लिहून ठेवा, डागडुजीच्या वेळी त्याची गरज पडते.

मिसळणीच्या बाबतीत आपल्याकडची हवा ध्यानात घ्यायला हवी. चुन्यात मीठ, ताक किंवा दूध, तांदळाची पेज, सरस घालायची रीत ठिकठिकाणी आहे, आणि कोरड्या मुलखात ती चालूनही जाते. गोव्यात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. मीठ हवेतलं पाणी ओढून भिंत दमट ठेवतं. दूध, पेज, सरस हे बुरशीचं खाणं. लाकूडकामाचा पांढरा गोंद घातला तर भुकटी कमी होते, पण छिद्रं बुजतात आणि चुना लावण्याचा मुद्दाच संपतो. आतल्या भिंतींना चुना, पाणी आणि ऑक्साइड यापलीकडे काही नको. बाहेरच्या भिंतीला थोडं जवसाचं तेल घालतात, तेवढा अपवाद.

लावताना आदल्या संध्याकाळी भिंत पाण्याने भिजवायची, सकाळी अर्धा तास आधी पुन्हा. भिंत दमट हवी, चकाकणारी नको. पंखे बंद, उन्हाची तिरीप अडवलेली. रुंद कुंच्याने आडवेतिडवे फटकारे मारत जायचं, आणि भिंत सुरू केली की कोपऱ्यापर्यंत न थांबता पुरी करायची, नाहीतर जोड कायमचा दिसतो. बादली दर दोन-तीन मिनिटांनी ढवळत राहा, ऑक्साइड तळाला बसतो. दोन हातांमध्ये एक दिवस. डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे असल्याशिवाय काम सुरू करू नये. चुना डोळ्यात गेला तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुवून तसंच डॉक्टरांकडे जावं. स्लायडिंग खिडक्यांची अॅल्युमिनियमची चौकट झाका, तिच्यावरचा डाग जात नाही. सागवान आणि फणसाच्या लाकडावर चुन्याच्या थेंबांचे डाग पडतात, तेव्हा चौकटी आणि खांबही झाकावेत.

वेळेचं सांगायचं तर चवथीच्या आधी घर रंगवायची आपली रीत चुन्याला मानवत नाही. श्रावणात भिंतीची छिद्रं पाण्याने भरलेली असतात, हवा आत शिरत नाही आणि चुना नीट पिकत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये करायचं तर लावल्यावर चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ पाण्याचा बारीक फवारा मारत राहावं लागेल. चवथीला माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीच्या) आसपासच्या भिंतीवर एखादा पांढरा हात तेवढा जमतो.

पहिला महिना रंग ठिकठिकाणी ढगाळ दिसला, मग एकसारखा झाला. उन्हाळ्यात काहीच झालं नाही. खरी कसोटी जूनपासून. नैर्ऋत्येच्या भिंतीवर जुलैत हातभर रुंदीचे गडद डाग उमटले. ओला चुना अंशतः पारदर्शक होतो, त्यामुळे भिंतीत पाणी कुठून शिरतं ते नकाशा काढल्यासारखं दिसतं. एका डागाचा माग काढत गेल्यावर कौलांच्या पन्हाळीतली फट सापडली. पाऊस ओसरला तसे डाग फिके होत गेले आणि मूळ रंग परत आला, एकही पोपडा सुटला नाही. याच भिंतीवर पूर्वी प्लास्टिक पेंटला फुगे येत असत. पाणी तेवढंच आहे, पण आता त्याला बाहेर पडायला वाट आहे.

जमिनीलगत फूटभर उंचीपर्यंत लोणा आला. चिऱ्यातून चढलेल्या पाण्याबरोबर क्षार येतात आणि पृष्ठभागावर सुकून पांढरी रवाळ बुरी धरतात. ती कोरड्या ब्रशने झाडून सुपात गोळा करून बाहेर टाकायची. धुतली तर क्षार पुन्हा भिंतीत जातात. तेवढ्या पट्ट्यात दरवर्षी एक हात मारावा लागणार हे गृहीत धरा. गिलाव्याऐवजी वरचा चुना झिजतो, आणि तो स्वस्त आहे.

सिमेंटच्या गिलाव्यावर चुना टिकला, पण गवंड्याने लोखंडी थापीने घोटून गुळगुळीत केलेल्या जागी भुकटी सुटते. तिथे निवळीचे दोन-तीन पातळ फवारे, प्रत्येकी एक दिवसाच्या अंतराने, मारल्यावर बरंच धरलं. नवा गिलावा करणार असाल तर लाकडी थापीचा खरखरीत ठेवायला सांगा आणि महिनाभर तरी मुरू द्या. पुट्टीच्या भिंतीवर ऑगस्टमध्ये तळहाताएवढे पोपडे पुट्टीसकट निघाले. पुट्टी पूर्ण काढल्याशिवाय तिथे दुसरा उपाय नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी, जिथे सगळीकडे पुट्टी आणि पीओपी असतं, हा खटाटोप करू नये. डब्यातून मिळणारे ‘लाइमवॉश इफेक्ट’चे बरेच रंग मुळात अॅक्रिलिक असतात. दिसायला ढगाळ, पण जाड ओल्या भिंतीला त्यांचा उपयोग नाही. डब्यावर कॅल्शियम हायड्रॉक्साइड लिहिलेलं आहे का ते बघूनच पैसे द्या.

बुरशीबद्दल थोडं खुलासेवार लिहायला हवं, कारण चुन्याला बुरशी येतच नाही असं सर्रास सांगितलं जातं. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की बुरशी मरते. तो पिकून दगड झाला की हा गुण ओसरतो. पुढे बुरशी रोखते ती भिंतीची सुकण्याची ताकद, आणि त्यासाठी भिंतीला हवा लागते. भिंतीला टेकवलेल्या प्लायच्या कपाटामागे ऑगस्टमध्ये करडे ठिपके आले. तीन इंच पुढे ओढलेल्या कपाटामागे काही नाही. म्हणून या भिंतींची सजावट वेगळ्या पद्धतीने करावी लागते. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून आठ मिमीचे बुचाचे तुकडे चिकटवले की मागे हवा खेळते. दुहेरी चिकटपट्टीचे हुक लावू नका, ते चुन्याची कातडी ओढून काढतात. जुना गिलावा इंचभर जाड आणि ठिसूळ असतो. खिळा ठोकला की ढलपी निघते, आणि साधा खिळा पावसाळ्यात गंजून तपकिरी ओघळ सोडतो. आठ मिमीच्या बिटाने, हॅमर बंद ठेवून, भोक पार चिऱ्यात नेऊन लांब प्लग आणि ७५ मिमीचा स्टेनलेस स्क्रू घालावा.

पणजीत मिळणाऱ्या हाताने रंगवलेल्या आझुलेजूच्या, म्हणजे पोर्तुगीज धर्तीच्या चकचकीत, फरश्या या रंगावर फार शोभतात, पण थेट चुन्यावर चिकटवल्या तर चुन्यासकट गळून पडतील. एक तर तेवढी जागा गिलाव्यापर्यंत खरवडावी, किंवा फरश्या लाकडी चौकटीत बसवून टांगाव्यात. दुसरा पर्याय चांगला, भिंत अडत नाही. दिव्याच्या बाबतीत २७०० केल्विनचा पिवळसर उजेड भिंतीपासून फूटभर दूर ठेवला तर कुंच्याचे फटकारे सुंदर उठतात. चार इंचांवर आणला तर प्रत्येक जोड आणि गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा डोळ्यात भरतो.

चुन्याला न मानवणाऱ्या जागाही आहेत. चुलीमागची भिंत नको, तेलाचा डाग निघत नाही. जेवणाच्या टेबलाजवळ सोलकढीचा किंवा लिंबाचा शिंतोडा उडाला तर आंबटपणा चुना खातो आणि रंग जाऊन खड्डा राहतो. खुर्च्यांच्या पाठी टेकतात तिथे, जमिनीपासून ३२ ते ३४ इंचांवर, लाकडी पट्टी मारणं किंवा खालचे तीन फूट घोटलेल्या लाल ऑक्साइडचे करणं हाच व्यवहार्य मार्ग. पुसण्यासाठी ओलं फडकं वापरू नये, मऊ कोरडा ब्रश पुरे. डागावर रंगीत चुन्याचा ठिगळ दिसतो, तेव्हा एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला एक पातळ हात द्यावा. पांढऱ्या भिंतीला मात्र हवी तिथे, हवी तेव्हा डागडुजी करता येते, आणि लहान मुलं असलेल्या घरात पांढराच घ्यावा असं स्पष्ट मत आहे.

बाहेरच्या भिंतीवर लावलेल्या चुन्याचा कौलांच्या पाखेखालचा भाग जसाच्या तसा आहे, पावसाचा मारा बसणारा भाग धुऊन गिलावा दिसू लागला आहे. तिथे दर डिसेंबरात दोन हात द्यावे लागतील. त्यासाठी उरलेला चुना झाकणाच्या पिंपात पाण्याखाली ठेवला आहे. वर पाणी असेपर्यंत तो वर्षानुवर्षं खराब होत नाही, उलट सुधारतो. पाण्यावर पातळ कवच धरतं, ते काढून टाकायचं, कालवायचं नाही.