एक कॅमेरा की दोन? व्हिडिओवरून क्षेपणास्त्राचा मार्ग काढायचा असेल तर

फायनल इयरला हा प्रोजेक्ट घेताय, छोटं मॉडेल रॉकेट उडवून बघणार आहात आणि एका कॅमेऱ्यात भागेल का असा प्रश्न पडलाय, तर सरळ सांगतो, दोन लावा.

कॅमेरा फक्त दिशा सांगतो, अंतर नाही. दोन जागांवरून बघितलं की दोन रेषा जिथं भेटतात तिथं रॉकेट, शाळेतली त्रिकोणमिती. ओडिशात चांदीपूरच्या टेस्ट रेंजवरही रडार आणि टेलिमेट्रीच्या (क्षेपणास्त्राने रेडिओवरून पाठवलेले स्वतःचे आकडे) जोडीला किनाऱ्यावर इलेक्ट्रो-ऑप्टिकल ट्रॅकिंग, म्हणजे कॅमेऱ्यांनी पाठलाग, लावलेलं असतं.

एका कॅमेऱ्याने अजिबात जमत नाही असं नाही हां. इंजिन बंद पडलं की मुख्यतः गुरुत्वाकर्षणच उरतं, त्याचं त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग हे आपल्याला माहीत आहे, मग कोन कसा बदलतोय त्यावरून अंतर काढता येतं, म्हणजे पृथ्वीच आपल्याला मोजपट्टी देते, मला हे फार आवडतं. पण इंजिन जळत असताना, किंवा हवेचा रोध नीट माहीत नसेल तर, त्या मोजपट्टीवर भरवसा नाही.

दोन कॅमेऱ्यांची खरी कटकट म्हणजे वेळ. आम्ही दोन्ही मोबाईल टाळी वाजवून सिंक केले, एक टाळीपाशी, दुसरा १७० मीटरवर, आणि आवाज जातो सेकंदाला साधारण ३४० मीटर, म्हणजे अर्धा सेकंद तिथंच खाल्ला, रॉकेट ६० मीटर प्रति सेकंदाने पळत होतं, झाली ३० मीटरची चूक, दोन रेषा एकमेकींना भेटेचनात! नंतर दोन्हीकडे दिसेल असा फ्लॅश मारला तेव्हा कुठे जुळलं.

रेषांमधला कोन ९० अंशांच्या आसपास ठेवा, १० वर आला की चूक जवळपास सहापट होते.

गणिताचं म्हणाल तर उत्तर नंतर चालणार असेल तर सगळ्या फ्रेम्स एकदम घेऊन लीस्ट स्क्वेअर्स करा, म्हणजे मोजमापांपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी येईल तो मार्ग निवडा. कलमन फिल्टर (दर नव्या फ्रेमबरोबर अंदाज सुधारत नेणारी पद्धत, १९६० ची, पण अजून सगळीकडे वापरात) तेव्हाच घ्या जेव्हा उडत असतानाच कॅमेरा वळवायचाय. एकाच कॅमेऱ्यावर एक्स्टेंडेड कलमन (त्याचाच, सरळ रेषेत न बसणाऱ्या गणितासाठीचा प्रकार) लावला आणि सुरुवातीचा अंदाज चुकला तर तो भलतीकडे भरकटतो आणि वर आकडे मात्र अगदी खात्रीचे दाखवतो, म्हणून जपून.

आणि आदल्या रात्री त्याच ट्रायपॉडवरून ताऱ्यांचे फोटो काढा, मग ट्रायपॉड हलवू नका, कॅमेरा नक्की कुठं बघतोय ते त्यावरून कळतं. एक मिलिरेडियन (जेमतेम ०.०६ अंश) चुकलं की १० किलोमीटरवर १० मीटर गेले.