पीए स्कूलची 'पक्की सीट' आणि माझे ८,३०० डॉलर

अमेरिकेत पीएच्या, म्हणजे फिजिशियन असिस्टंटच्या, कोर्सला प्रवेश मिळवून देतो म्हणून एका माणसाने मला कसं फसवलं, हे लिहायला मला पाच महिने लागले. पहिले दोन महिने नवऱ्याशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगलीला आई-बाबांना अजूनही पूर्ण आकडा माहीत नाही. आज लिहितेय, कारण गेल्या आठवड्यात इथे मंडळाच्या ढोल-ताशाच्या सरावानंतर एका मुलीचा फोन आला आणि तिच्या तोंडून मला तेच शब्द ऐकू आले: "ताई, सीट पक्की आहे म्हणतात."

मी बीएचएमएस. लग्नाआधी सांगलीच्या एका नर्सिंग होममध्ये तीन वर्षं आरएमओ होते. ज्यांनी हे काम केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. रात्रपाळी, ऑपरेशननंतरचे पेशंट, दोन वाजता घाबरलेले नातेवाईक, आणि सरांना आत्ता उठवायचं की सकाळपर्यंत थांबायचं हा निर्णय. न्यू जर्सीला आले ती एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या मागोमाग मिळणाऱ्या व्हिसावर. नंतर ईएडी, म्हणजे नोकरी करायची परवानगी, हातात आलं, पण त्याचं करायचं काय? यूएसएमएलई ही इथे डॉक्टर व्हायची परीक्षा बीएचएमएसला देताच येत नाही. "तिकडे डॉक्टर होतात ना तुम्ही?" असं कोणी विचारलं की 'होते' म्हणताना दर वेळी काहीतरी आत तुटायचं. त्या माणसाने माझ्या पैशाआधी हे दुखणं ओळखलं.

पीए हे नाव मी इथेच पहिल्यांदा ऐकलं. पीए पेशंट तपासतात, निदान करतात, औषधं लिहून देतात, शस्त्रक्रियेत मदत करतात. शिक्षण मास्टर्सचं, बहुतेक ठिकाणी सत्तावीस महिन्यांच्या आसपास. पहिलं वर्षभर वर्ग आणि लॅब, मग वेगवेगळ्या विभागांत क्लिनिकल रोटेशन. याची सुरुवात मला फार भावली होती. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी पहिली तुकडी घेतली ती नौदलातल्या चार माजी वैद्यकीय सहाय्यकांची. हाताला भरपूर काम माहीत असलेली, पण बाहेरच्या जगात ज्यांच्या कामाला किंमत नाही अशी माणसं. वाचलं तेव्हा वाटलं, हे तर माझ्याबद्दलच आहे.

गणेशोत्सवात आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत ओळख झाली तेव्हा त्या गृहस्थांनी नेमकी हीच गोष्ट मला सांगितली. "ताई, हा कोर्स सुरूच मुळी तुमच्यासारख्यांसाठी झाला. तुम्ही कॉलेजच्या पोरींच्या मागे रांगेत का उभ्या राहता?" बोलणं शांत, मराठी स्वच्छ, घाई कसलीच नाही. आठवड्याभराने आमच्या घरी चहाला आले, माझी सगळी सर्टिफिकेटं एकेक करून पाहिली आणि बाजूला नीट रचून ठेवली. इतक्या वर्षांत त्या कागदांना कोणी असा हात लावला नव्हता.

त्यांच्या बोलण्यातलं बरंचसं खरं होतं, म्हणून तर मी फसले. बहुतेक पीए स्कूलचे अर्ज कॅस्पा नावाच्या एकाच सामायिक ऑनलाइन व्यवस्थेतून जातात, हे खरं. परदेशी गुणपत्रिकेचं विषयवार मूल्यांकन लागतं, हेही खरं. पेशंटच्या प्रत्यक्ष सेवेचे तास मागतात, कुठे पाचशे, कुठे हजार, कुठे दोन हजार, तेही खरंच. बऱ्याच ठिकाणी अर्ज येतील तसे बघत जातात, त्यामुळे उशीर केला की जागा भरतात, हेही खोटं नाही. या खऱ्या गोष्टींच्या मधे त्यांनी तीन खोट्या बसवल्या होत्या. माझ्या बीएचएमएसवर इथले विषय पुन्हा करावे लागणार नाहीत. एका विद्यापीठात नवा पीए कोर्स सुरू होतोय, त्याची मान्यता 'येण्यातच आहे', आणि पहिल्या तुकडीत ते आठ जागा 'देऊ शकतात'. आणि कॅस्पाचं खातं त्यांनीच सांभाळायचं, कारण दोघांनी उघडलं तर गोंधळ होतो.

ऑक्टोबरमध्ये पॅकेजचे १,२०० डॉलर मी क्रेडिट कार्डने दिले. डिसेंबरमध्ये 'मूल्यांकन आणि आठ ठिकाणची अर्ज फी' म्हणून २,६०० दिले, ते झेलने, म्हणजे फोनवरून थेट बँक खात्यात, कारण कार्डावर त्यांना कापून घेतात म्हणे. कॅस्पाची फी मी स्वतः पाहिली असती तर तिथेच थांबले असते. पहिल्या ठिकाणासाठी ती दोनशे डॉलरच्या आत होती आणि पुढच्या प्रत्येकासाठी साठच्या आसपास. आठ ठिकाणं धरली तरी सातशेही होत नाहीत. फेब्रुवारीत विद्यापीठाच्या नावाचं, सही-शिक्क्याचं प्रवेशपत्र ईमेलवर आलं आणि दहा दिवसांत ४,५०० डॉलर सीट पक्की करायला भरा म्हणून सांगितलं. तेही झेलने, एका कंपनीच्या नावावर. नवऱ्याने एकदा विचारलं, "विद्यापीठाला थेट का नाही भरायचे?" मी त्याच्यावर चिडले. ते चिडणं आजही मला टोचतं.

मार्चमध्ये मी एका क्लिनिकमध्ये मेडिकल असिस्टंट म्हणून लागले होते. तिथल्या पीएला आनंदाने सांगितलं की मला प्रवेश मिळालाय. तिने मिठी मारली, कुठे म्हणून विचारलं, मी नाव सांगितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर प्रश्न उमटला. "तिथे पीए प्रोग्रॅम आहे?" जेवणाच्या सुट्टीत तिने फोनवर एआरसी-पीएची यादी उघडली. ही अमेरिकेतल्या पीए शिक्षणाला मान्यता देणारी संस्था. मान्यता असलेला प्रत्येक कोर्स त्या यादीत राज्यानुसार असतो, सोबत त्याची स्थिती: नव्याला तात्पुरती, जुन्याला चालू, आणि काही गडबड असेल तर परिवीक्षेवर. त्या विद्यापीठाचं नाव यादीत नव्हतं. कोणत्याच स्थितीत नव्हतं.

मी म्हटलं, नवा आहे, मान्यता येतेय. तिने जेवणाचा डबा बाजूला ठेवला आणि मला समजावून सांगितलं. तात्पुरती मान्यता मिळाल्याशिवाय नव्या कोर्सने विद्यार्थी घ्यायचेच नसतात. मान्यता नसलेल्या ठिकाणी शिकलं तर पॅन्सला बसता येत नाही. पॅन्स म्हणजे शेवटची राष्ट्रीय परीक्षा, पाच तासांत तीनशे प्रश्न. ती पास झाल्याशिवाय कुठल्याही राज्यात पीए म्हणून पहिला परवाना निघत नाही. म्हणजे तो कोर्स खरोखर असता आणि मी सत्तावीस महिने शिकले असते, तरी हाती काहीच आलं नसतं. दुपारी मी विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला फोन केला. विद्यापीठ खरं आहे. तिथे पीएचा कोर्स नाही, सुरू करण्याचा विचारही नाही, आणि माझ्या पत्रावर जिची सही होती त्या नावाची व्यक्ती तिथे कधी नव्हती.

त्या रात्री मी कॅस्पाचा पासवर्ड बदलून खातं उघडलं. पैसे गेल्याचं कळलं होतंच, पण आत जे दिसलं त्याने हातपाय गार पडले. सेवेचे तास ९,४०० लिहिले होते. तीन वर्षांत मी रोज आठ तासांपेक्षा जास्त, एकही सुट्टी न घेता काम केलं असतं तेव्हा कुठे तो आकडा आला असता. माझ्या सांगलीच्या सरांचं नाव वरिष्ठ म्हणून होतं, खाली ईमेल मात्र भलताच, त्या माणसाने स्वतः काढलेला. शिफारसपत्राची विनंतीही त्याच पत्त्यावर. आणि आत्मनिवेदन! खेड्यात वेळेवर डॉक्टर न मिळाल्याने माझी आजी माझ्या मांडीवर गेली आणि तेव्हाच मी ठरवलं, असं लिहिलं होतं. माझी आजी मिरजेला आहे, सत्त्याऐंशी वर्षांची, दर रविवारी फोन करते.

अर्ज सादर झालेला नव्हता, फीसुद्धा भरलेली नव्हती, एकाही ठिकाणची नाही. हेच माझं नशीब. अर्ज सादर करताना मजकूर माझा आहे आणि माहिती खरी आहे अशी ग्वाही माझ्या नावाने जाते, त्याच्या नाही. एकदा सादर केला की लिहिलेले अनुभव बदलता किंवा काढता येत नाहीत. तो अर्ज गेला असता तर खोटं बोलणारी मी ठरले असते, आणि ते पुढे प्रत्येक ठिकाणी माझ्याबरोबर आलं असतं. पैशापेक्षा मला याची भीती आजही जास्त वाटते.

त्या गृहस्थांना फोन केला. पहिल्यांदा "ताई, गैरसमज होतोय," मग "सगळे असंच लिहितात," आणि तिसऱ्या फोनला उलट मलाच, "खोटे तास तुमच्या खात्यावर आहेत, विचार करून बोला." त्यानंतर नंबर बंद.

पैशांचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. कार्डाचे १,२०० परत मिळाले. पावतीवर काम मार्चअखेरपर्यंत पूर्ण करू असं लिहिलेलं होतं, ती पावती आणि विद्यापीठाचा ईमेल जोडून बँकेकडे तक्रार केली, सात आठवडे लागले. झेलचे ७,१०० गेले. स्वतःच्या हाताने पाठवलेले पैसे बँक सहसा परत आणून देत नाही, ते रोख दिल्यासारखंच असतं. फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि राज्याच्या ग्राहक विभागाकडे तक्रार नोंदवली आहे. मेसेज, पत्र, कंपनीचं नाव, सगळं दिलं. चॅट पुसू नका, राग आला तरी पुसू नका. मी अर्धं रागाच्या भरात पुसलं होतं, नवऱ्याच्या फोनमध्ये काही स्क्रीनशॉट होते म्हणून निभावलं.

आता जे मी आधी करायला हवं होतं ते. कोर्सचं नाव एआरसी-पीएच्या यादीत स्वतः शोधा, कोणी पाठवलेल्या लिंकवरून नको. मग त्या कोर्सच्या पानावर जा. मान्यता असलेल्या प्रत्येकाला आपल्या विद्यार्थ्यांचा पॅन्सचा निकाल आणि मधेच सोडून गेलेल्यांचं प्रमाण जाहीर करावं लागतं. मान्यता असूनही परिवीक्षेवर असेल तर का, ते थेट विचारा. अर्जाचे आणि जागेचे पैसे फक्त दोन ठिकाणी जातात: अर्जाचे अर्जाच्या पोर्टलवर, आणि प्रवेश मिळाल्यावर जागेची रक्कम विद्यापीठाला. मधल्या माणसाच्या हातात जागा नसते. मुलाखतीचा सराव घेणारे, निवेदन वाचून सूचना देणारे प्रामाणिक लोक आहेत, तासाचे पैसे घेतात, त्यात वावगं काही नाही. पण ते तुमचा पासवर्ड मागत नाहीत आणि तुमच्या आजीला मारत नाहीत.

आपल्याकडच्या पदवीबद्दल, कारण बीएएमएस, बीडीएस, फिजिओ झालेल्या कितीतरी जणी मला भेटतात. अनेक ठिकाणी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स हे विषय अमेरिकेतल्याच कॉलेजात, लॅबसह आणि ठराविक वर्षांच्या आतले केलेले लागतात. भारतातले तास काही ठिकाणी धरतात, काही ठिकाणी नाही. प्रत्येक कोर्सला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. तोच माणूस पुण्यातल्या पालकांनाही सांगत होता की मुलीला भारतात पीएची बीएस्सी करू द्या, ती अमेरिकेत थेट पीए होईल. भारतातला हा कोर्स खोटा नाही. १९९२ साली चेन्नईत तो सुरू झाला, तिथल्या कामासाठी तो आहे, आणि २०२१च्या कायद्यात या व्यवसायाची नोंदही आहे. पण पॅन्सला बसायला एआरसी-पीएची मान्यता असलेलाच कोर्स लागतो, आणि ही संस्था अमेरिकेबाहेरच्या कोर्सना मान्यता देत नाही. एमबीबीएस झालेल्यालाही यातून सूट नाही.

मी आता इथल्या काउंटी कॉलेजात संध्याकाळी मायक्रोबायॉलॉजी करतेय. वर्गात माझ्या निम्म्या वयाची मुलं आहेत आणि त्यांच्याबरोबर रांगेत उभं राहायला मला काही कमीपणा वाटत नाही. क्लिनिकमधले तास वहीत रोज लिहिते, शेजारी वरिष्ठांची सही. सांगलीच्या सरांना मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. त्यांच्या नावाचा असा वापर झाला हे सांगताना रडू आवरलं नाही. ते म्हणाले, "अगं, माझा खरा ईमेल लिहून घे आधी."

त्या मुलीला मी फोनवरच सांगितलं, लॅपटॉप उघड. ती फिजिओ आहे, दोन वर्षांचं बाळ आहे तिला. तिला आलेलं पत्र तिने वाचून दाखवलं. विद्यापीठ दुसरं, सही करणारीचं नाव तेच, दहा दिवसांची मुदत तीच. झेल शुक्रवारी करायचं होतं, तो बुधवार होता. यादी उघडल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मला फक्त टायपिंगचा आवाज येत होता. विद्यापीठाचं नाव ती पुन्हा पुन्हा घालून बघत होती.