बंदराची तक्रार सेवा: ५ पैकी अडीच स्टार

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे आमचं, माल एका सरकारी बंदरातून बाहेर जातो. वेबसाइट चकाचक, टेंडर, दरपत्रक सगळं सापडतं, त्याला फुल मार्क. पण कंटेनर गेटवर अडकला अन् वरचं भाडं का लावलं विचारलं की टर्मिनलवाले (बंदरात कंटेनर चढवणारे-उतरवणारे) म्हणतात बंदराला विचारा, बंदरवाले म्हणतात टर्मिनलला, आणि आमचा एजंट मधल्या मधे नुसता सॉरी साहेब सॉरी साहेब. ऑनलाइन तक्रार टाकली तर "संबंधित विभागाकडे पाठविले" एवढं लिहून केस बंद! अरे पण उत्तर कुठंय? शेवटी १० रुपयांचा आरटीआय टाकला, ३० दिवसांच्या मुदतीच्या धाकाने का होईना कागद हलला, हिशोबाची प्रत आली. केंद्राच्या मोठ्या बंदरांसाठीच्या २०२१ च्या कायद्याने बंदराच्या कारभारी बोर्डावर रेल्वे, कस्टम्स, राज्य सरकार, कामगारांचे दोन प्रतिनिधी बसवलेत, चांगलंय, पण माल पाठवणाऱ्यासाठी राखीव खुर्ची नाही, मग आमचं गाऱ्हाणं तिथं मांडणार कोण? फोनवरच्या मॅडम मात्र लै नीट बोलल्या, अर्धा स्टार त्यांचाच. नवीन एक्स्पोर्टरनी गेटची अन् वजनाची स्लिप जपून ठेवा, आणि जे काय विचारायचं ते मेलवरच विचारा.